मत आणि वर्तन
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात भद्रावती येथे दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा मला विचार पडला. शेवटी जो विषय कित्येक दिवस माझ्याच मनास टोचत आहे, तोच घेतला. मनुष्याचे मत आणि त्याचे वर्तन यांचे नाते काय?

मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन पुत्रांची कथा आपणांस ठाऊक आहेच. बापाने द्राक्षमळ्यात जाण्यास सांगितले. एक नाही म्हणाला, पण गेला. दुसरा हो म्हणाला, पण गेला नाही. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांना हेच दोन पुत्र पुन्हा भेटले.

रिचर्ड लापिएर नावाचे एक अमेरिकन अध्यापक १९३० ते १९३२ या काळात एका चिनी दांपत्यासह आपल्या देशात हिंडले. त्या वेळी तेथे चिनी लोकांविषयी मोठा तिरस्कार होता. तरीही अडीचशेहून अधिक उतारशाळा व खाणावळींपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्यांनी त्याच मालकांना पत्राने विचारले, ‘आपण चिनी पाहुण्यांस घ्याल काय?’ उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे लिहिले. हा पहिला पुत्र झाला.

दुसरा पुत्र भेटला तो अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मविद्यालयात. डार्ली व बॅटसन यांनी आपला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध केला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस एका इमारतीतून दुसरीत भाषण करण्यास पाठविले आणि वाटेत एक मनुष्य कण्हत बसविला. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी चांगल्या शोमरोन्याचा दाखला हा होता! तथापि विषयाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. ज्यांस ‘उशीर झाला, धावा’ असे सांगितले होते, त्यांतील दहांत एकच थांबला. शोमरोन्यावर बोलावयास निघालेले कोणी कोणी तर त्या मनुष्यास ओलांडून पुढे गेले. माझ्यासारख्या वक्त्यांनी हा प्रयोग फार वेळा वाचू नये हे बरे.

परंतु अमेरिकेस जाण्याचे आपणांस कारण काय? भद्रावतीहून नागपूरच्या वाटेस लागले म्हणजे वरोरा लागते. तेथे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, वकिली करीत आणि नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. मनुष्य निर्भय. आगगाडीत एका तरुणीस छळणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी ते झुंजले, म्हणून गांधीजींनी त्यांस ‘अभय साधक’ म्हटले. भंग्यांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपलीही डोक्यावर घेतली. अशा पुरुषास एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला तुळशीराम नावाचा महारोगी दिसला. हातापायांची बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. अभय साधक पळून घरी आले.

बाबांनी ही गोष्ट कधी लपविली नाही. आपण निर्भय आहोत हे त्यांचे मत खोटे नव्हते. पण ते आजवर या ओल्या, कुजत्या देहापुढे उभे राहिले नव्हते. ते परतले. पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर आडोसा केला, त्यास खाऊ घातले, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. भय तरी लगेच गेले काय? नाही. भय असतानाच हात चालले, आणि मन मागाहून, हळूहळू आले. पुढे १९४९ साली बाबांनी कलकत्त्यास जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले, आणि १९५१ साली सहा रुग्णांसह आनंदवन उभे राहिले.

गावाची कथाही अशीच आहे. आनंदवनाची भाजी वरोऱ्याचे लोक घेईनात. रोग भाजीतून येत नाही हे सांगून पाहिले असेल. उपयोग झाला नाही. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे राहावयास आले, रुग्णांबरोबर खपले, त्यांच्याच मळ्यातील भाजी जेवले. ते पाहिल्यावर लोकांचा हात भाजीकडे वळला. त्याच गावची मुले पुढे आनंदवनातील महाविद्यालयात शिकावयास जाऊ लागली!

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२६ साली, मरणापूर्वी, आपल्या मृत्युपत्रात हाच क्रम नोंदविला आहे. महारोग्यांचे दर्शन त्यांस कडू वाटे; देवाने त्यांस त्यांच्यामध्ये नेले, आणि तेथून निघताना कडूचे गोड झाले होते. आधी गोड वाटले आणि मग गेले, असे ते म्हणत नाहीत.

आता माझे सांगतो. हा रोग औषधाने बरा होतो हे मला ठाऊक आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणारी कलमे २०१९ साली कायद्यातून काढून टाकली, हे वाचून मी आनंदलो होतो. त्यानंतर एकदा वरोऱ्याच्या बसस्थानकावर एका वृद्धाकडून मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. त्यांची बोटे आखडलेली होती. सुटे पैसे परत देण्यास त्यांनी हात पुढे केला, आणि मी म्हणालो, ‘राहू द्या, बाबा.’ त्यांस वाटले मी उदार आहे. खरे कारण मलाच ठाऊक होते. त्याच आठवड्यात मी संत फ्रान्सिसवर बोललो होतो.

महिन्याने मी मुद्दाम गेलो. शेंगा घेतल्या, हात पसरला. त्यांच्या बोटांचा स्पर्श झाला तेव्हा मन उदात्त वगैरे काही झाले नाही. बसमध्ये मी हात रुमालास पुसला, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या खेपेस आम्ही पावसाविषयी बोलत होतो. त्या दिवशी पैसे परत घेतले की नाही, ते मला आठवत नाही.