फलाटावरची शाळा



लहान रेल्वे स्थानकाजवळ ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या आठवणी इंजिनापासून सुरू होतात आणि लवकरच पॉइंट्समनकाकांकडे वळतात. दिवसाकाठी दोन-चार गाड्या थांबणाऱ्या स्थानकावर मधल्या रिकाम्या वेळात कामगारांना सोबत हवी असे आणि मुलांचे कुतूहल तर संपत नसे. त्यातून जुळलेली मैत्री हे एक शिक्षणच होते.

मास्तरांच्या खोलीतील यंत्रातून धातूचा गोळा निघे. एकेरी मार्गावर तो हाती आल्याखेरीज चालकाला गाडी पुढे नेता येत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून दुसरा निघत नसे. गाड्यांची टक्कर कशी टळते, हे मुलाला असे पाहता पाहता कळे. तिन्हीसांजेला रॉकेलचा दिवा घेऊन सिग्नलची शिडी चढणारा माणूस दिसे. गँगमनजवळचे फटाके दिवाळीचे नसून, पुढे धोका असल्यास गाडी थांबविण्यासाठी रुळावर लावायचे असतात, हेही तिथेच समजे. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या दक्षतेवर अवलंबून, त्याचाच संसार तुटपुंज्या पगारात चालतो, ही विसंगती कोणत्याही पोथीवाचून मुलाच्या ध्यानात येई.

८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. आठ तासांचे काम, बोनस आणि हंगामी कामगारांना कायम करणे या त्याच्या प्रमुख मागण्यांपैकी होत्या. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या बायकामुलांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आले. अखेर मे महिना संपण्यापूर्वीच संप मागे घ्यावा लागला. सरकारी प्रचार संपकऱ्यांना देशाचे वैरी ठरवीत होता. परंतु ज्या मुलाने काकांच्या कंदिलाची काच पुसली होती, त्याला ते पटणे अवघड होते. ओळखीच्या माणसाविषयी खोटे सहजासहजी खपत नाही.

आज बहुतेक ठिकाणी विजेचे सिग्नल आले, शिडी चढण्याचे कष्ट वाचले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण कामगार संपलेला नाही, तो केवळ नजरेआड झाला आहे. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, तरी उन्हापावसात रुळांवरून त्याची पायपीट चालूच आहे. फलाट झाडणारा पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस असतो आणि त्याचे नाव प्रवाशांना ठाऊक नसते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या नोकरीवर गदा आली तर हळहळणार कोण?

श्रमिकांविषयीची आस्था ठराव संमत करून निर्माण होत नाही; ती परिचयातून येते. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या मुलांना मोर्चात नेण्याआधी सफाई कामगार, हमाल, फाटकवाला यांच्याशी दोन शब्द बोलायला शिकवावे. समतेचा पहिला धडा तेथेच आहे.