डॉक्टरांपुढचा छोटा दुभाषी

आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्थानकाच्या दक्षिणेला स्लोटरमेरसारख्या वस्त्या आहेत. नेदरलँड्सने 1964 साली तुर्कस्तानशी आणि 1969 साली मोरोक्कोशी कामगारभरतीचे करार केले. त्या वाटेने आलेली कित्येक कुटुंबं इथे स्थिरावली. मोठ्यांचे दिवस कष्टात गेले, मुलं शाळेत डच शिकली. मग सरकारी पत्र वाचणं आणि डॉक्टरांना आईचं दुखणं सांगणं, ही कामं मुलांकडे आली. त्यातून मुलं धीट होतात, असं म्हणतात आणि ते खरंही आहे. विजेचं बिल समजावून सांगण्यात काहीच वावगं नाही. पण आपल्याला कर्करोग झाल्याचं आईला लेकाच्या तोंडून कळावं, हे फार वेगळं. घाबरलेलं मूल शब्द गाळतं, आई लाजेपोटी लक्षण लपवते आणि उपचाराची दिशा चुकू शकते.

तरीही 2012 पासून डच सरकारने आरोग्यसेवेतल्या दुभाष्यांचं अनुदान बंद केलं. भाषेची जबाबदारी रुग्णाचीच, हा त्यामागचा युक्तिवाद. भाषा शिकायला हवीच. पण ती येईपर्यंत आजार थांबत नाही. शिवाय रुग्णाला समजेल अशी माहिती देण्याचं कर्तव्य तिथल्या कायद्याने डॉक्टरांवरच टाकलं आहे. खर्चाचं म्हणाल, तर फोनवरूनही दुभाषी मिळू शकतो आणि चुकीचा उपचार त्याहून महाग पडतो. अमेरिकेने 2016 साली, तातडीचा प्रसंग वगळता, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना लहान मुलांवर दुभाषी म्हणून विसंबायला मनाई केली. आपल्याकडेही परप्रांतीय मजूर लेकराला पुढे करून दवाखान्यात आले, तर त्यांची भाषा जाणणारं मोठं माणूस आधी शोधा.