मेक्सिकोतील मराठी मास्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी आपल्यापैकी एकीने काही बोलायचे असते. यंदा पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयाला हात घालण्याची माझी पात्रता नाही, तरी विषय घेतला आहे तो मोठ्याच माणसाचा. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते गृहस्थ. मेक्सिको देशात ते शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्पॅनिश भाषेत शिकवीत असत.

थळच्या बाईला हा विषय कसा सुचला, असे तुम्ही म्हणाल. माझी थोरली मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. अकरावीला तिने विज्ञान घेतले, तेथे सगळेच इंग्रजीत. दिवाळीपूर्वीच ती म्हणू लागली, "आई, मला विज्ञान झेपत नाही, मी सोडते." मी विचारले, काय झेपत नाही? तर तिला परागीभवन चांगले समजत होते, पण 'पॉलिनेशन' म्हटले की ती गप्प. आपल्या वाडीत नारळाच्या पोयीवर मधमाश्या येतात ते जिने लहानपणापासून पाहिले, तिला आता वाटू लागले की आपल्याला काही येतच नाही! त्याच सुमारास खानखोजे यांच्यावरील एक लेख माझ्या वाचनात आला. तो मी तिला वाचून दाखवला, आणि मग आम्ही दोघींनी मिळेल ते वाचले.

त्यांचे पूर्वायुष्य सांगत बसले तर रात्र होईल. थोडक्यात सांगते. इंग्रजांविरुद्ध काही करावे म्हणून ते तरुणपणीच देशाबाहेर पडले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, तेथेच १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या कामात पुढे होते. पहिल्या महायुद्धात इराणकडे लढले, पुढे जर्मनी, रशिया असे फिरले. इंग्रज सरकार घरी येऊ देईना. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. भगिनींनो, म्हणजे आपल्याच वयाचे! त्या वयात परक्या मुलखात जाऊन, परक्या भाषेत, फळ्यापुढे उभे राहायचे. शास्त्र शिकलेले इंग्रजीत, मातृभाषा मराठी आणि समोरचे विद्यार्थी स्पॅनिश बोलणारे. स्पॅनिशमध्ये इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'ह'सारखा करतात. खानखोजे हे नाव फळ्यावर लिहिले तर पोरांनी ते कसे वाचले असेल, या विचाराने आम्ही मायलेकी पोटभर हसलो.

ती भाषा आपल्यालाही अगदीच परकी नाही बरे का. आपल्या कोर्लईला ख्रिस्ती वस्तीत घरोघर जी बोली चालते ती पोर्तुगीजातून झालेली. पोर्तुगीज १७४० साली गेले, पण बोली बायकामुलांच्या तोंडी राहिली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणीबहिणी. आपला पाव पोर्तुगीजांचा, स्पॅनिशात त्याला म्हणतात पान.

खानखोजे ज्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवीत, ती एका मोठ्या जमीनदाराच्या जुन्या वाड्यात भरत असे. मेक्सिकोत १९१० पासून क्रांती झाली होती आणि जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून एमिलियानो झापाटासारखे शेतकरी पुढारी लढले होते. आपल्या अलिबाग तालुक्यात चरीचा संप १९३३ ते १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी ओसाड ठेवल्या; तेव्हा ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. चापिंगोच्या शाळेचे ब्रीद असे की, येथे जमिनीकडून काम करून घ्यायला शिकवतात, माणसाला पिळायला नव्हे.

पण माझ्या मनाला अधिक भिडले ते त्यांचे पुढचे काम. शेतकरी काही नांगर टाकून कॉलेजात यायचा नाही. मग शाळाच गावात नेली. अशा मुक्त कृषिशाळा त्यांनी मित्रांच्या साहाय्याने काढल्या. त्यांत फी नव्हती. बियाणे कसे निवडावे, माती कशी राखावी, हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्याच शेतावर सांगायचे. या शाळांची छायाचित्रे टीना मोदोत्ती या इटालियन बाईंनी काढली आहेत. दिएगो रिव्हेरा हे तिकडचे फार मोठे चित्रकार. त्यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र काढले आहे, सगळ्या जातीची माणसे एका टेबलाशी बसली आहेत आणि मध्यभागी एक जण भाकरी मोडून देतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा, असे सांगतात.

त्यांचे संशोधन मुख्यतः मक्यावर. मक्याचा तेओसिंते नावाचा एक रानटी सोयरा आहे, त्याच्याशी संकर करून त्यांनी नव्या जाती काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यावर स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. मका म्हणजे तिकडचा तांदूळच म्हणा ना. तिकडच्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, मग दगडी पाट्यावर वाटून त्याची तोर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, थापतात. त्या पाट्याला तीन पाय असतात. हा चुना उगाच नाही. त्याच्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा वाईट रोग जडला. बियाणे गेले, बायकांचे ज्ञान मागे राहिले! हे वाचून मुलगी म्हणाली, "आई, ही तर आमच्या रसायनशास्त्राची गोष्ट आहे." तेव्हापासून विज्ञान सोडण्याचे नाव तिने काढले नाही. इंग्रजी शब्द आता ती वहीत डावीकडे लिहिते, उजवीकडे मराठी.

खानखोजे यांनी १९३६ साली बेल्जियमच्या जान सिंदिक या बाईंशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. स्वातंत्र्यानंतरही त्यांचे नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत राहिल्याने परत येणे सोपे गेले नाही. शेवटी ते नागपूरला येऊन राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले. मला त्या बाईंचे फार वाटते. जन्म बेल्जियमचा, संसार मेक्सिकोत, आणि मग नागपूरचे ऊन. बाजारात भाजी मागण्यापासून पुन्हा शिकायचे. आपल्यातल्याही कितीजणी लग्न होऊन परभाषेतून थळला आल्या आहेत, त्यांना विचारा. वडिलांचे चरित्र त्यांच्या कन्या सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत लिहिले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले.

आता आपल्या घरचे. गेल्या वर्षी एक साहेब आपल्याकडे माती परीक्षणावर बोलून गेले. मराठीतच बोलले, पण नत्र, स्फुरद, पालाश, सामू, कर्ब असे शब्द ओळीने आले आणि आपण सगळ्या माना डोलवीत बसलो. सामू म्हणजे कुणाचा मुलगा, असे माझ्या शेजारणीने मला हळूच विचारले! पुढे घरोघर तपासणीचे कागद आले, ते तसेच कपाटात पडले आहेत. थळच्या कारखान्यातून १९८५ पासून युरिया निघतो, आणि युरियातून पिकाला मिळते ते नत्रच. कारखान्याची चिमणी रोज पाहणाऱ्या आपल्याला एवढे कोणी जोडून दाखवले नाही. सामूचे माझ्या मुलीने मला असे सांगितले: एका टोकाला चिंच, दुसऱ्या टोकाला चुना, मध्ये सातावर शुद्ध पाणी. आपली माती या पट्टीवर कुठे बसते, ते तो आकडा सांगतो. खारेपाटाच्या शेतात मात्र खारेपणाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही पाहायचा.

तरी ज्यांच्या घरी ते कागद असतील त्यांनी पुढच्या बैठकीला ते घेऊन यावे. मुलगी वही घेऊन येणार आहे. आगरी बोलीत सांगेल, असे तिने कबूल केले आहे.