फिरत्या घरांतील ऊब आणि शांतता

घर म्हटलें कीं चार भिंती व एक छप्पर एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. परंतु बाहेरचें ऊन, थंडी, पाऊस आणि गलबला यांना उंबरठ्याबाहेर थोपवून धरणें, हेंच घराचें मुख्य कार्य होय. तें न साधणारी वास्तु कितीही शृंगारलेली असली, तरी तिला घर म्हणवत नाहीं. व्हॅन विकत घेऊन तिचें राहत्या घरांत रूपांतर करण्याची जी हौस अलीकडे वाढत आहे, तिची खरी कसोटी याच ठिकाणीं लागते.

ही हौस मूळची पश्चिमेकडील. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची डबेवजा मोटार १९५० सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया या कारखान्यानें तिच्या आंत बिछाना व कपाटें बसविण्यास आरंभ केला. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं 'कॅरव्हॅन पर्यटना'चें धोरण मंजूर केलें. मात्र नोंदणीपत्रांतील तपशिलांशीं विसंगत असा बदल वाहनांत परस्पर करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची आडकाठी आहे. म्हणून कामास हात घालण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत रीतसर चौकशी केलेली बरी.

व्हॅनची भिंत म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. स्थिर हवेच्या मानानें पोलादांतून उष्णता सुमारें दोन हजार पट सुलभतेनें वाहते. त्यामुळें वैशाखांत विदर्भांतील माळावर उभी असलेली गाडी भट्टीसारखी तापते. आणि तीच गाडी स्पितीच्या खोऱ्यांत, साडेतीन हजार मीटरांहून उंच असलेल्या काझा गांवीं नेली, तर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळांत गारठून जाते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे हवेला कोंडून स्थिर करणें. धनगराच्या घोंगडीची ऊब ही वस्तुतः लोकरीच्या तंतूंत अडकलेल्या हवेचीच ऊब होय. थर्माकोल, खनिज लोकर, वातानुकूलनाच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा रबरी फोम, हे सारे पदार्थ तेंच काम निरनिराळ्या रीतींनीं करतात.

येथें दोन चुका सर्रास घडतात. पहिली चूक चकचकीत ॲल्युमिनियमच्या कागदाविषयींची. हा कागद उष्णतेचें प्रारण परतवितो हें खरें. पण त्याच्या चकचकीत बाजूस हवेची मोकळी फट असेल तरच. दोन थरांमध्यें तो घट्ट दाबून बसविल्यास त्याचा हा गुण जवळजवळ वांयां जातो. दुसरी चूक फासळ्यांची. पत्र्याला आधार देणाऱ्या पोलादी फासळ्या उघड्या ठेवून केवळ मधले कप्पे भरले, तर उष्णतेला त्या फासळ्यांचा आयताच पूल मिळतो. म्हणून फासळ्यांवरूनही पातळसा कां होईना, पण एक थर घेणें अवश्य असतें. खिडक्यांची गोष्टही अशीच आहे. भिंती कितीही जाड केल्या, तरी उघडी कांच ऊब घालवितेच. तिच्या मापाचे जाड पडदे रात्रीं लावावे लागतात.

शिवाय रोधकामुळें उष्णता नाहींशी होत नाहीं. तिला केवळ विलंब होतो. दिवसभर उन्हांत तापलेली बंद गाडी रोधकामुळेंच रात्रीं लवकर निवत नाहीं. उष्ण प्रदेशांत म्हणून पांढरें छप्पर, झाडाची सावली आणि छपरांत बसविलेला हवा बाहेर फेंकणारा पंखा यांचें साहाय्य घ्यावेंच लागतें.

मात्र थंडीपेक्षांही या घराचा कपटी शत्रु आहे तो दमटपणा. निजलेलीं दोन माणसें श्वासावाटे व त्वचेवाटे एका रात्रींत सुमारें अर्धा लिटर पाणी हवेंत सोडतात. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला, तर त्यांतून दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. वीस अंश सेल्सिअसच्या हवेंत साठ टक्के आर्द्रता असेल, तर बारा अंशांच्या पृष्ठभागावर ती वाफ दंवासारखी थिजूं लागते. आणि हिंवाळ्याच्या रात्रीं पत्रा त्याहून कितीतरी थंड असतो. हें पाणी रोधकाच्या मागें, जेथें नजर पोंचत नाहीं तेथें, झिरपत राहतें. सुंदर लांकडी अस्तराआड बुरशी वाढते, पत्रा गंजतो, आणि दोनतीन वर्षांनीं कुबट वास येऊं लागल्यावर सारें काम उचकटण्याची पाळी येते.

याचें निवारण तीन गोष्टींनीं होतें. रोधक पत्र्यास शक्य तितका चिकटून असावा, म्हणजे वाफेला थंड पत्र्यापर्यंत जाण्यास वाट राहत नाहीं. दरवाजांच्या व उंबऱ्यांच्या तळाशीं पाणी निचरून जाण्यासाठीं कारखान्यानेंच ठेवलेलीं छिद्रें कधींही बुजवूं नयेत. फवाऱ्यानें मारलेला फुगणारा फोम नेमका हाच घात करतो, आणि एकदां बसला कीं तो खरवडूनही निघत नाहीं. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते, हा तिचा गुण खरा. परंतु तो ओलावा पुढें वाळण्यासाठीं वारा हवाच. म्हणून तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वायुवीजन.

आतां आवाजाविषयीं. ऊब राखणारा पदार्थ आवाजही अडवील, ही समजूत भ्रामक आहे. थर्माकोल हलका, आवाज अडविण्यास तर वजन लागतें. भिंतीचें वजन दुप्पट केलें, तर पलीकडे जाणारा आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं कमी होतो. पण मोटारीवर इतकें ओझें लादणें परवडत नाहीं. म्हणून प्रथम पत्र्याचें थरथरणें थांबवावें. छपरावर पाऊस पडूं लागला कीं पत्रा ताशासारखा वाजतो. त्याच्या मध्यभागीं ब्युटिल रबराचा चिकट तुकडा दाबून बसविला, कीं ती थरथर त्या रबरांत जिरते. सारा पत्रा झांकण्याची आवश्यकता नसते. पाव ते अर्धा भाग पुरतो. डांबरी पट्ट्या स्वस्त मिळतात, पण उन्हांत त्या मऊ पडतात व त्यांना वास सुटतो. चाकांवरील कमानी आणि जमीन येथें जड रबरी चटई अंथरावी, कारण टायरांची घरघर तेथूनच वर येते. आंतील आवाज शोषण्यास लोकरीचा थर उत्तम. एवढें करूनही भिंतीच्या शंभराव्या भागाइतकी जरी फट राहिली, तरी भिंत कितीही भक्कम असो, वीस डेसिबलांपलीकडे आवाज अडत नाहीं. दरवाजांचीं जुनीं रबरें बदलणें हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय होय.

परंतु फटी बुजविण्याच्या या उत्साहांतच मोठा धोका दडलेला असतो. उत्तर भारतांत जवळजवळ प्रत्येक हिंवाळ्यांत बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांच्या मृत्यूच्या वार्ता येतात. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या इंधनापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्याला त्याची चाहूलही लागत नाहीं. खोलीपेक्षां लहान आणि हौसेनें हवाबंद केलेल्या व्हॅनमध्यें तर हा धोका अधिकच. म्हणून हवा येण्याजाण्याच्या, कधींही न मिटणाऱ्या दोन वाटा ठेवाव्या : एक वर, एक खालीं. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळती झाल्यास तो तळाशीं सांचतो. खालची वाट त्याच्यासाठींही उपयोगी पडते. शेगडी ऊब घेण्यासाठीं कदापि पेटवूं नये, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बिछान्याजवळ अवश्य बसवावी.

जुने कारागीर वाडा बांधतांना जाड भिंतींइतकेंच झरोक्याला महत्त्व देत असत. चाकांवरच्या घरालाही तोच नियम लागू आहे. ऊब आणि शांतता यांसाठीं शंभर फटी खुशाल बुजवाव्या. श्वासासाठींच्या दोन मात्र कटाक्षानें उघड्या राखाव्या.