नेमबाजाची बंदूक आणि कारागिराचा हात



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण हे विषय नेहमीचे. तेथे आम्ही बंदुकीवर बोलावयास उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की ही बंदूक शिकाऱ्याची नाही आणि शिपायाचीही नाही. ती नेमबाजीच्या स्पर्धेतली आहे. तिच्या गोळीने कागदाला एक भोक पडते, आणि ते भोक कोठे पडले एवढ्यावरच हारजीत ठरते. असली बंदूक घडते कशी, आणि ती घडवण्याचा गुण आपल्या कृष्णाकाठच्या मातीत आहे की नाही, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

१९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे जावी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या होत्या. दोन्ही घरे आपल्या शेजारची आहेत. पण खाशाबा आणि हे नेमबाज यांच्यात एक भेद आहे. खाशाबांना प्रवासखर्चासाठी पुष्कळ दारे ठोठवावी लागली, तथापि त्यांचे साधन म्हणजे स्वतःचा देह होता आणि तो येथल्याच तांबड्या मातीत घडला होता. नेमबाजाला देहाच्या जोडीला एक यंत्र लागते. ते यंत्र बहुधा जर्मनीतून किंवा स्वित्झर्लंडमधून येते आणि त्याला काही लाख रुपये मोजावे लागतात.

त्या यंत्राकडून अपेक्षा तरी काय असते? ५० मीटरच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढे. लांब पल्ल्याच्या स्पर्धा तर हजार यार्डांपर्यंत, म्हणजे अर्ध्या मैलाहून अधिक अंतरावर होतात. तेथे पोचेपर्यंत गोळीला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात ती सुमारे दहा मीटर खाली येते, आणि वारा तिला बाजूला ढकलतो तो वेगळाच. पृथ्वीचे आकर्षण आणि वारा यांचा हिशेब नेमबाज मांडू शकतो. पण हा हिशेब उपयोगी पडण्यासाठी बंदुकीने एक अट पाळली पाहिजे. काल जशी गोळी सुटली तशीच आज सुटली पाहिजे आणि पहिल्यासारखीच साठावी सुटली पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की चांगली बंदूक म्हणजे जोरदार बंदूक. वस्तुतः ५० मीटरच्या बंदुकीची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर एवढ्या वेगाने सोडतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या हवेतला खळबळाट तिला नको असतो. या बंदुकीचा सारा गुण एकसारखेपणात आहे.

ही गोष्ट प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने शोधली ती बंदूकवाल्याने नव्हे, एका यंत्रकाराने. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या कोणत्याही जुन्या टर्नरला 'व्हिटवर्थ आटे' हा शब्द ठाऊक आहे. १८४१ साली सर्व इंग्लंडभर स्क्रूचे आटे एका मापाचे असावेत असे सुचवणारे ते जोसेफ व्हिटवर्थ. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी सरकारने त्यांना बंदुका करण्याच्या यंत्रांविषयी विचारले. तेव्हा आधी नळी कशी असावी ते ठरवू द्या, मग यंत्रांचे बोलू, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि मँचेस्टरमधील आपल्या घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त गल्ली बांधून वर्षानुवर्षे प्रयोग केले. १८६० साली विंबल्डन येथे व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते त्यांच्या बंदुकीतून चारशे यार्डांवर गोळी सोडण्यात आली, ती लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. बंदूक घट्ट बैठकीवर बसवलेली होती, राणीने केवळ दोरी ओढली. म्हणजे त्या दिवशी परीक्षा झाली ती केवळ मापाची.

आता बंदुकीची अंगे क्रमाने पाहू. प्रथम नळी. पोलादाच्या भरीव गजाला आरपार भोक पाडतात, ते घासून एका मापाचे करतात आणि मग आतून मळसूत्री खाचा पाडतात. या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि हवेत डगमगत नाही. ५० मीटरच्या बंदुकीत साधारण सोळा इंचांत एक फेरा असतो, म्हणजे बाहेर पडणारी ती ५.६ मिलिमीटरची शिशाची गोळी सेकंदाला आठशेच्या आसपास गिरक्या घेत असते. चांगल्या नळीला आतून शिशाच्या दट्ट्याने आणि बारीक पूडीने हळूहळू घासतात. नळीचे तोंड तर जिवापाड जपतात, कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्याचा होतो. तेथे केसाएवढा ओरखडा असला तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरकी करतो.

दुसरे अंग बैठकीचे. नळी ज्या पोलादी भागात बसते तो भाग दस्त्यात बसवावा लागतो. ही बैठक सर्वत्र सारखी टेकली नाही तर प्रत्येक बाराबरोबर लोखंड किंचित वेगळ्या जागी येऊन बसते. पूर्वी दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे असत आणि दमट हवेत लाकूड फुगले की नेम सरके. म्हणून आता बैठक राळेसारख्या कठीण होणाऱ्या द्रव्यात ओतून घेतात, किंवा सबंध दस्ताच ॲल्युमिनियमचा करतात. लांब पल्ल्याच्या बंदुकीत नळी दस्त्याला कोठेही टेकू देत नाहीत. दोहोंमधून कागदाची पट्टी सरकली पाहिजे, म्हणजे नळीला मोकळेपणी आणि दर वेळी सारखेच कंप पावता येते.

तिसरी गोष्ट दस्ता माणसाच्या अंगाला बेतण्याची. गालाचा टेकू, खांद्याची पट्टी, हाताची मूठ ही सर्व नेमबाजाच्या मानेच्या आणि हाताच्या लांबीप्रमाणे सूत-सूत सरकवून ठरवतात. तयार सदरा आणि शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा यांतला जो फरक, तोच येथे. साताऱ्याच्या अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी धनुर्विद्येत विश्वविजेत्या झाल्या. त्यांच्या खेळातही धनुष्याचा ताण हाताच्या लांबीला बेतावा लागतो. साधन अंगाला बसले म्हणजे माणूस ते विसरतो, आणि विसरला म्हणजे मन लक्ष्यावर राहते.

चौथा चाप. तो दहाबारा नाण्यांच्या वजनाएवढ्या दाबानेही सुटेल असा करता येतो. पण तो हलका असण्यापेक्षा दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच दाबाला सुटणे महत्त्वाचे. आणि शेवटी काडतूस. एकाच कारखान्यातली, एकाच नावाची काडतुसेही घाण्याघाण्याला निराळी निघतात. म्हणून मोठे नेमबाज आपली बंदूक घेऊन इंग्लंड-जर्मनीतील कारखान्यांत जातात, ती पकडीत आवळून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात आणि ज्या घाण्याची भोके सर्वांत दाटीने पडतील तोच घाणा हजारोंनी विकत घेतात. कोणत्या नळीला कोणते काडतूस मानवेल हे आधी सांगता येत नाही. झाडून पाहावे लागते.

श्रोतेहो, येथवर ऐकताना आपल्यापैकी गाण्याच्या रसिकांना एक ओळखीचा सूर लागला असेल. तंबोऱ्याची जवारी काढताना मिरजेचा कारागीर घोडीच्या पृष्ठभागावरून कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात फिरवतो. मंगळवेढ्या-पंढरपुराकडचा भोपळा, लाकूड आणि तार ही सामग्री कोणालाही मिळेल. तंबोरा बोलतो तो त्या शेवटच्या घासणीने. आणि हे कारागीर मूळचे कोण? शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात राज्ये गेली, शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी तोच हात वाद्यांकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंतचा प्रवास ज्या हाताने केला, त्या हाताला इंचाच्या हजाराव्या भागाची भाषा परकी नाही.

मग ही बंदूक येथे का होत नाही? एक कारण कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनवणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा. घरच्या शेडमध्ये बंदुका घडू लागल्या तर त्या कागदापुरत्या राहणार नाहीत. दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. नेमबाज थोडे, म्हणून माल थोडा, म्हणून भांडवल घालणारे थोडे. तिसरे कारण आम्हाला सर्वांत खोल वाटते. आपला कारागीर हाताने बिनचूक आहे, पण मोजून लिहून ठेवण्याची सवय त्याला कोणी लावली नाही. उस्तादाबरोबर त्याचे ज्ञान जाते. व्हिटवर्थचे माप मात्र कागदावर उरले आणि मँचेस्टरचा आटा सांगलीच्या लेथवर आला.

कोणी विचारील की परदेशातून आणली तर बिघडले कोठे? पदकाला काहीच कमीपणा येत नाही, हे आम्हीही म्हणतो. पण अशी बंदूक एकदा घेऊन भागत नाही. नळी झिजते, बैठक सैल होते, मूल वाढीला लागले की दस्ता पुन्हा बेतावा लागतो. पलूस किंवा कोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाच्या मुलीने हा खेळ धरला, तर दर वेळी तिने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? जाणत्या हातावाचून तिचे दोन-दोन गुण जातील आणि दोष मात्र तिच्या नेमाला दिला जाईल.

तेव्हा आरंभ नळीपासून करू नये, मापाच्या खोलीपासून करावा. आमच्या मते प्रत्येक जिल्ह्याच्या नेमबाजी केंद्राला जोडून परवानाधारक, पोलिसांच्या देखरेखीखालची एक दुरुस्तीशाळा असावी. तंत्रनिकेतनातून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनी तेथे उमेदवारी करावी, आणि गालाचा टेकू, मूठ, खांद्याची पट्टी यांपासून हात बसवावा. ही अंगे म्हणजे बंदूक नव्हे, ती कोणतेही चांगले वर्कशॉप करू शकेल. नळीचा विचार नंतर. ते अशक्य आहे असेही नाही. बंगळूरच्या एका खासगी कंपनीने परवाना घेऊन लांब पल्ल्याच्या अचूक बंदुका घडवून दाखवल्या आहेत.

हा भाग एके काळी एकच होता. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा असेच म्हणत. याच भागात १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव थांबले आणि शेतकऱ्याने नांगर स्वतः चालवून पाहिला. त्या धीराची आज आम्हाला गरज वाटते. अचूकपणा ही कोणा देशाची मिरास नाही. जेथे माणसे एकच काम रोज सारखेच करतात आणि केलेले मोजून ठेवतात, तेथे तो राहावयास येतो.