एका टेबलाची गोष्ट

१९९६च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण गेली वीस-बावीस वर्षं मी संगणकावर जे करते ते सांगत बसले, तर तुम्हाला जेवणाआधीच झोप लागेल. म्हणून एका टेबलाविषयी बोलते.

मी आठवीत गेले तेव्हा बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून मला टेबल घेतलं. चार फूट बाय दोन फूट, वर सागवानी विनियर. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचा सगळा अभ्यास त्यावरच झाला. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खिडकीतून पाणी आलं आणि विनियर फुगून सुटलं. सुतार म्हणाले, "ताई, वर सनमायका मारून देतो, नाहीतर टाकून द्या." बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना आता नीट दिसत नाही. रोज टेबलावर तळहात फिरवायचे आणि फुगलेल्या जागी थांबायचे. ते पाहून मी म्हटलं, मीच करते.

विनियर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा लाकडी पापुद्रा. गोंद वाळेपर्यंत तो सगळीकडे सारखा दाबून धरावा लागतो. शिकंजे कडेला पोचतात, मध्यभागी पोचत नाहीत. तेव्हा आपले विज्ञानाचे सर आठवले. त्यांनी पत्र्याच्या डब्यात पाणी उकळलं, बूच घट्ट लावलं, वरून गार पाणी ओतलं आणि आपल्या डोळ्यांदेखत डबा चेपला. दाबायला हवा होतीच की! फक्त आतली काढायची होती.

ओळखीच्या फ्रिज मेकॅनिककडून जुना कॉम्प्रेसर आणला. त्यातला गॅस त्यांनीच आधी रीतसर काढून घेतला. त्याची हवा ओढणारी नळी पिशवीला जोडली, मधे एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि एक गेज बसवलं. पिशवी जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसल्या जाड पारदर्शक प्लॅस्टिकची. दाब उतरला की पंप आपोआप सुरू करणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम मी लिहिला. या सगळ्यात माझ्या पदवीचं काम तेवढंच!

पहिली पिशवी कोपऱ्याशी ताणून फाटली. मी ती फळीच्या लांबी-रुंदीची कापली होती, जाडी विसरले होते. तुम्हाला आठवत असेल, कार्यानुभवाच्या तासाला मुलं सुतारकामाला जायची आणि आपण मुली शिवणाला. मला रंधा मारायचा होता, आणि वर्षभर मी काजं करत बसले. तो राग मनात कुठेतरी होताच. फाटकी पिशवी हातात धरली आणि शिवणाच्या बाईंचा आवाज ऐकू आला, "अगं, माया सोड आधी, मग काप." चारही बाजूंनी माया सोडून दुसरी पिशवी बेतली.

मग प्लायवूडच्या तुकड्यावर चाचणी घेतली. दिसायला छान होती. बाबांनी हात फिरवला आणि मध्यावर बोट टेकवलं. "इथे हवा आहे." खरंच होती. प्लॅस्टिक नळीच्या तोंडापाशी आधी चिकटलं होतं आणि मधली हवा आतच कोंडली होती. विनियरवर आधी मेणकागद आणि त्यावर नळीपर्यंत पोचेल अशी मच्छरदाणीची जाळी पसरली. हवेला बाहेर पडायला वाट मिळाली.

त्यानंतर टेबलाची फळी आत सरकवली. गेजचा काटा ६०० मिलिमीटरवर आला. हिशेब केला तर तेवढ्या फळीवर सुमारे सहा टन भार, म्हणजे सिमेंटची एकशेवीस पोती! आणि आवाज फक्त फ्रिजचा. रात्रभर मी दर तासाला उठून काटा बघत होते.

खालच्या बाजूचं जुनं विनियर शाबूत होतं. ते तसंच ठेवलं, कारण एकाच बाजूला विनियर असलं की फळी वाकते. तिथे आठवीत मी पेन्सिलीने लिहिलेलं माझं नाव अजून आहे.

सकाळी बाबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. कुठेही थांबले नाहीत. म्हणाले, "चहा इथेच आण."

कुणी करून पाहणार असाल तर दोन गोष्टी सांगते. फळीचे टोकदार कोपरे घासून गोल करा, नाहीतर पिशवीला भोक पडेल. आणि पोकळ पेटी आत घालू नका. सरांचा डबा आठवा!

ते टेबल आता माझ्या मुलाचं आहे. पंप आणि पिशवी मात्र मी आज सोबत आणली आहे, शाळेच्या सुतारकामाच्या खोलीसाठी. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. त्या खोलीत मुलींनाही रंधा मिळावा, आणि मुलांनाही माया सोडायला शिकवावं.