जाड दोऱ्याचे यंत्र आणि बारीक दोऱ्याची मागणी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



लघुउद्योगांवरील प्रश्नाच्या उत्तरात 'तंत्रज्ञानाचे अद्ययावतीकरण' हा शब्दप्रयोग आपण हमखास योजता. त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण 'जुन्या यंत्राच्या जागी नवे यंत्र' असा सांगतात. हा अर्थ चुकीचा नाही. अपुरा मात्र निश्चित आहे. तो कोठे अपुरा पडतो हे पाहण्यासाठी आज एकच यंत्र विचारात घेऊ : जाड चामडे शिवणारे जड शिवणयंत्र. खोगिरासाठी घेतलेल्या या यंत्रावर बारीक दोऱ्याने हातपिशवी शिवायची झाली, तर काय करावे लागते, ते कोण करतो आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो, एवढाच आजचा विषय आहे.

कानपूरची पार्श्वभूमी

हा प्रश्न काल्पनिक नाही. कानपूरचा चर्मोद्योग लष्कराच्या मागणीवर उभा राहिला. घोडदळासाठी खोगिरे व लगाम तयार करणारा सरकारी कारखाना तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. १८८१ मध्ये कूपर ॲलन कंपनी लष्करी बूट बनवू लागली. तो सरकारी कारखाना पुढे आयुधनिर्माणी मंडळाकडे होता आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून 'ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड' या सार्वजनिक कंपनीचा भाग झाला. घोडदळ मागे पडले, तरी कौशल्य शहरात राहिले आणि निर्यातीच्या खोगिरांकडे वळले. 'कानपूर सॅडलरी'ला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. परंतु खोगिराची बाजारपेठ मर्यादित आहे. पट्टे, पिशव्या, पाकिटे यांची मागणी अधिक व्यापक आहे; तिला मात्र नाजूक शिलाई लागते. यंत्र तेच, माल वेगळा, अशी स्थिती येथूनच उद्भवते.

(उदाहरण आले की आपण कोल्हापुरी चप्पल लिहिता, म्हणून कंसात सांगतो. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने हाताने शिवली जाते. आजच्या प्रश्नासाठी ते उदाहरण उपयोगाचे नाही.)

यंत्रात नेमके काय बदलते?

दोऱ्याची जाडी 'टेक्स' या एककात सांगतात. एक हजार मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा टेक्स. जड कामाचा दोरा २७० टेक्सच्या आसपास असतो. बारीक कामाला १३५ किंवा ७० टेक्सचा लागतो. सुईचा मेट्रिक क्रमांक म्हणजे तिचा व्यास मिलीमीटरच्या शतांशात : २०० क्रमांकाची सुई दोन मिलीमीटरची, १४० ची १.४ मिलीमीटरची. दुकानात मात्र दोरा 'तिकीट' क्रमांकानेही विकला जातो आणि तेथे आकडा वाढला की दोरा बारीक होतो. दोन पद्धतींची ही उलटापालट नवख्या खरेदीदाराला हमखास फसवते.

केवळ दोरा बदलला आणि सुई तीच ठेवली, तर काय होईल? कापडाचे धागे सुईला बाजूला सरून वाट देतात व पुन्हा जवळ येतात. चामड्याला पडलेले भोक कायमचे असते. मोठ्या भोकात बारीक दोरा सैल राहतो. वरच्या व खालच्या दोऱ्याची गाठ चामड्याच्या जाडीत लपायची, ती कधी वर तर कधी खाली डोकावते. म्हणून आधी सुई बदलावी लागते.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू होते. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो आणि शटलचे टोक तो फास उचलते. सुई दोन मिलीमीटरवरून १.४ मिलीमीटरवर आली, की तिची बाजू शटलपासून सुमारे ०.३ मिलीमीटरने दूर जाते. एवढ्याशा अंतराने फास निसटतो आणि टाका गळतो. कारागीर मग शटल सुईच्या जवळ घेतो. पुढे पुन्हा खोगिराचे काम आले आणि शटल पूर्ववत न करता जाड सुई लावली, तर सुई शटलवर आदळते. सुई मोडते, कधी शटलचे टोकही जाते.

याच्या जोडीला इतर बदल येतात. सुईखालच्या पत्तीचे छिद्र रुंद असेल, तर पातळ चामडे सुईबरोबर आत दबते आणि वर उचलले जाते. असे झाले की फास तयारच होत नाही. त्यामुळे अरुंद छिद्राची पत्ती बसवावी लागते. चामड्यावर टेकणाऱ्या पायाचा दाब कमी करावा लागतो, अन्यथा मऊ चामड्यावर त्याचे व खालच्या दात्यांचे वळ उठतात. तो फार कमी केला, तर पुन्हा चामडे उचलले जाते. बॉबिनचा ताण आधी सैल करून मगच वरच्या चकत्यांचा ताण जुळवतात, कारण गाठ कोठे बसेल हे दोहोंच्या समतोलावर ठरते. दोरा आवरणारी छोटी स्प्रिंग जाड दोऱ्यासाठी कडक असते. तिचाही जोर उतरवावा लागतो. खोगिराच्या पट्ट्यावरील पाच-सहा मिलीमीटरचा टाका पाकिटावर तीन मिलीमीटरच्या आसपास आणतात. त्याहून फार लहान टाका घातला, तर टपाल तिकिटांच्या तावाप्रमाणे भोकांच्या रेषेवरच चामडे फाटते.

हे सारे त्याच चामड्याच्या, तितक्याच जाडीच्या व तितक्याच थरांच्या तुकड्यावर, हातचाक फिरवून, टाक्यागणिक तपासावे लागते. मी हे तपशिलाने सांगितले, कारण येथील प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते.

खर्च कोणाचा?

अर्थशास्त्रात याला उत्पादन-बदलाचा खर्च म्हणता येईल. तो मागणीच्या आकारावर अवलंबून नसतो. पन्नास पिशव्या शिवायच्या असोत वा पाच हजार, यंत्र जुळवायला लागणारा वेळ जवळपास तोच. मोठ्या कारखान्यात प्रत्येक जाडीसाठी वेगळे यंत्र असते. हा खर्च तेथे उद्भवतच नाही. एका यंत्रावर चालणाऱ्या कारखानदाराला मात्र लहान मागणी स्वीकारताना दर नगामागे तो जड जातो. परिणामी, ज्या छोट्या व विविध मागण्या लघुउद्योगाचे बलस्थान म्हणून पाठ्यपुस्तकात सांगितल्या जातात, त्याच तो नाकारतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. नगावर मजुरी असेल, तर यंत्र जुळवण्यात गेलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कारागिराला मिळत नाहीत. त्या वेळेत नग तयार झालेला नसतो. टाका गळलेला नग नाकारला गेला, तर तोही बहुधा त्याच्याच हिशेबातून वजा होतो. जे ज्ञान मालकाला नवी बाजारपेठ मिळवून देते, त्याची किंमत अशा रीतीने कारागीर स्वतः मोजतो. माझ्या मते, चर्मोद्योगातील अल्प वेतनाच्या चर्चेत या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये 'करता करता शिकणे' ही संकल्पना मांडली : उत्पादनाचा अनुभव हाच उत्पादकता वाढीचा स्रोत ठरतो. मायकेल पोलान्यी यांनी शब्दांत न मांडता येणाऱ्या ज्ञानाचा विचार केला. दोरा बोटांवर ओढून ताण ओळखणारा कारागीर हे दोन्हीचे उदाहरण आहे. परीक्षेत ही नावे जरूर लिहा. मात्र ॲरो यांच्या मांडणीत अनुभवाचा लाभ उद्योगाला होतो, तो कामगाराच्या मजुरीत उतरेलच याची हमी नाही, हेही लिहा.

हिशेब व योजना

राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखापद्धतीत नव्या यंत्राची खरेदी ही स्थूल स्थिर भांडवलनिर्मिती ठरते. यंत्राचे आयुष्य वा क्षमता लक्षणीय वाढवणारी मोठी दुरुस्तीही त्यात धरली जाते. नेहमीची देखभाल मात्र मध्यवर्ती उपभोगात जाते, म्हणजेच मूल्यवर्धनातून वजा होते. कारागिराने स्वतः जुळवणी केली, तर तिची स्वतंत्र नोंदच होत नाही. लेखापद्धतीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु धोरण त्याच चष्म्यातून पाहू लागते तेव्हा अडचण होते.

योजनांची रचना पाहा. २००० मध्ये सुरू झालेल्या कर्जसंलग्न भांडवली अनुदान योजनेत २००५ पासून एक कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के अनुदान होते. पादत्राणे व चर्मोद्योग विकास कार्यक्रमासाठी २०२१ ते २०२६ या काळात १,७०० कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यात लघुउद्योगांना नव्या यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या ३० टक्के साहाय्य होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे; तीत प्रशिक्षणासाठी दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. या रकमेत जड यंत्र येणार नाही. परंतु सुयांचे वेगवेगळे संच, अरुंद छिद्राची पत्ती, सौम्य स्प्रिंग यांसारखे सुटे भाग येऊ शकतात, आणि विद्यावेतनाच्या दिवसांत जुळवणी शिकता येते. प्रशिक्षणाच्या काळात कारागिराच्या वेळेला दाम मिळतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. समूह विकासाच्या सामायिक सुविधा केंद्रात जुळवणी करणारा एक पगारी तंत्रज्ञ ठेवला, तर हाच लाभ त्या वस्तीतील सर्व यंत्रांना मिळेल.

जुळवणीची मर्यादा

जुळवणीने सर्व काही साधते, असा समज मात्र करून घेऊ नये. जड यंत्राच्या सुयांच्या जातीत ठरावीक क्रमांकाखाली सुईच मिळत नाही. दोरा वर खेचणाऱ्या दांड्याचा पल्ला जाड चामड्यासाठी लांब ठेवलेला असतो. तो कमी करता येत नाही. १३५ टेक्सपर्यंत असे यंत्र उतरवता आले, तरी ७० टेक्सच्या दोऱ्याने पातळ अस्तराचे पाकीट शिवायला वेगळे, हलके यंत्रच लागते. तेथे अनुदान योग्य ठरते. अर्जदार कोणत्या जाडीचा दोरा वापरणार आणि त्याचे सध्याचे यंत्र कोठपर्यंत उतरते, हे दोन प्रश्न अनुदानाच्या अर्जात असले पाहिजेत. आणि त्यांची उत्तरे त्या यंत्रावर बसणाऱ्या कारागिराकडून घेतली पाहिजेत.